बँकॉक पहिल्यांदाच, दोघंच, चार दिवस: कुठे राहावं, कसं फिरावं, कुठे सांभाळावं

प्रश्न थोडक्यात असा: नवराबायको दोघंच, पहिल्यांदाच बँकॉकला जाणार, हातात पूर्ण चार दिवस, दोघांपैकी एक जण शाकाहारी. हॉटेल कुठे घ्यावं, कशाने फिरावं, आधी काय पाहावं आणि कुठे फसायला होतं?

सुरुवात हॉटेलपासून करा, कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. बँकॉकमध्ये अंतर किलोमीटरमध्ये मोजून काही उपयोग नाही. सकाळी सातला पंधरा मिनिटांत होणारा टॅक्सीचा रस्ता संध्याकाळी पाचला तासभर खातो. वेळ पाळतात त्या दोनच गोष्टी, रुळांवरची गाडी आणि नदीतली बोट. म्हणून हॉटेल निवडताना पोहण्याचा तलाव आणि नाश्त्याचे फोटो नंतर पाहा. आधी नकाशा उघडा आणि स्टेशनपासून हॉटेलच्या दारापर्यंत चालत किती अंतर आहे ते मोजा. पाचशे मीटरच्या आत असेल तरच पुढे जा.

इथे एक खाच आहे. सुखुमवित या मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांना सोई म्हणतात. एका बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम, आणि दोन्ही बाजूंचे आकडे समोरासमोर येत नाहीत. सोई ५५ च्या जवळपास समोर सोई ३८ येते. शिवाय एखादी सोई दीड-दोन किलोमीटर आत जाते. 'सुखुमवित, स्टेशनजवळ' असं लिहिलेलं हॉटेल त्या सोईच्या पार टोकाला निघू शकतं. दुपारच्या उन्हात ते अंतर दिवसातून चार वेळा चालावं लागलं की दोघांचाही मूड जातो.

पहिल्या खेपेला दोन ठिकाणं सोयीची पडतात. एक असोक. इथे उन्नत रेल्वे बीटीएस आणि भुयारी रेल्वे एमआरटी एकमेकींना भेटतात. (बीटीएसच्या स्टेशनचं नाव असोक, एमआरटीच्या स्टेशनचं सुखुमवित, जिना एकच, नावं दोन, म्हणून गोंधळू नका.) दुसरं सफान ताक्सिन स्टेशनचा परिसर. तिथे बीटीएसमधून उतरलात की खाली लगेच साथोर्नचा धक्का आहे आणि तिथून नदीची बोट मिळते. खाओ सान रोडचं नाव सगळीकडे ऐकू येतं, पण त्याच्या शेजारी एकही रेल्वे स्टेशन नाही. एक संध्याकाळ तिथे फिरायला जायला हरकत नाही. मुक्काम करू नका.

विमानतळावरून शहरात

विमान सुवर्णभूमीला उतरतंय की डॉन मुआंगला, ते तिकिटावर नीट पाहा. दोन्ही बँकॉकचेच विमानतळ आहेत, पण शहराच्या वेगवेगळ्या टोकांना. सुवर्णभूमीच्या तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक निघते आणि साधारण अर्ध्या तासात फया थाईला पोचवते. माणशी जास्तीत जास्त ४५ बाथ (बाथ म्हणजे थाई चलन). वाटेत मक्कासनला उतरून एमआरटी पकडता येते, फया थाईला बीटीएस. टॅक्सी पहिल्या मजल्यावर. तिथल्या यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तीवर गाडी कुठल्या नंबरच्या जागी उभी आहे ते असतं. ती चिठ्ठी ड्रायव्हरला देऊन टाकू नका, तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. मीटर ३५ बाथपासून सुरू होतं, वर विमानतळाचे ५० बाथ आणि टोल तुम्ही भरायचा. एकूण साधारण ३५० ते ४५०.

दोघांसाठी हिशोब असा: दुपारी तीन ते रात्री आठच्या दरम्यान उतरलात तर डोळे झाकून रेल्वे घ्या. मध्यरात्रीच्या सुमारास रेल्वे बंद होते आणि रस्ते मोकळे असतात, तेव्हा टॅक्सी. टॅक्सीत बसण्याआधी 'मीटर' एवढा एकच शब्द बोला. ड्रायव्हरने आकडा सांगितला तर दुसरी गाडी. शहरात फिरताना ग्रॅब किंवा बोल्टचं अ‍ॅप ठेवा. भाडं आधी दिसतं आणि पत्ता समजावत बसावं लागत नाही.

कागदपत्रांचं दोन ओळींत: व्हिसामाफीचे नियम आणि मुक्कामाची मुदत थायलंड वेळोवेळी बदलतं, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाची साइट वाचा. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट असतं. पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट आहेत. सरकारी पत्त्याचा शेवट 'गो डॉट टीएच' असा असतो, तेवढं तपासा. आणि ई-सिगारेट बरोबर नेऊ नका. तिथे ती बेकायदेशीर आहे.

पैसे आणि तिकिटं

विमानतळावर आगमनाच्या मजल्यावरच्या खिडक्यांचा दर पडेल असतो. तळघरात रेल लिंकजवळच्या खिडक्यांवर बहुधा बराच चांगला मिळतो, म्हणून वर लागतील तेवढेच बदला. एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे काढले की दर खेपेला दोनशे बाथहून जास्त शुल्क तिथली बँक कापते. तेव्हा थोडे थोडे पाच वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा. मशीनने किंवा दुकानदाराने 'रक्कम रुपयांत घेऊ का?' असं विचारलं तर नाही म्हणा, बाथच निवडा. रुपये निवडलेत की दर ते लावतात आणि तो तुमच्या तोट्याचाच असतो. रोकड दोघांत वाटून ठेवा, कार्डंही. एक पाकीट गेलं तरी दिवस अडत नाही.

बीटीएस आणि एमआरटी या वेगळ्या कंपन्या आहेत, तिकिटं वेगळी. एमआरटीच्या फाटकावर कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टेकवून आत जाता येतं. मात्र एका कार्डावर एकच माणूस. पहिल्याने टेकवून आत जायचं आणि मागे देऊन दुसऱ्याने यायचं, हे चालत नाही, फाटक अडतं. दोघांकडे दोन कार्डं हवीत. बीटीएसला सुटं तिकीट यंत्रातून घ्या, किंवा रॅबिट कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड, काढा. त्यासाठी पासपोर्ट लागतो आणि तेही माणशी एक.

पहिला दिवस नदीकाठी

राजवाडा (ग्रँड पॅलेस), वाट फो आणि वाट अरुण ही तीन ठिकाणं एकाच दिवसाची आहेत. ती दोन दिवसांत फोडली की प्रवास दुप्पट होतो. (वाट म्हणजे बौद्ध मंदिर आणि त्याभोवतीचा विहार.) क्रम मात्र महत्त्वाचा.

सकाळी साडेसातला साथोर्नच्या धक्क्यावर या. तिथे तिकीट विकणारे तुम्हाला पर्यटकांच्या महागड्या बोटीकडे वळवतील. तुम्हाला हवी ती केशरी झेंड्याची बोट. १६ बाथ, कुठेही उतरा. साधारण अर्ध्या तासात था चांग धक्का येतो. बोट धक्क्याला जेमतेम टेकते आणि निघते, म्हणून आधीच्या थांब्यापासूनच मागच्या बाजूला जाऊन उभे राहा.

ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो आणि तिकीट साडेतीनपर्यंतच मिळतं. माणशी ५०० बाथ. दहा वाजले की टूरच्या बसा ओतल्या जातात आणि आवारात सावली फारच कमी आहे, म्हणून उघडायच्या वेळी दारात असणं याला पर्याय नाही. कपड्यांचा नियम कडक आहे: खांदे झाकलेले, गुडघे झाकलेले, फाटकी जीन्स नको, आरपार दिसणारं नको, पुरुषांनाही हाफपँट नको. उघड्या खांद्यांवर नुसती ओढणी टाकून भागत नाही, बाह्यांचा कपडा हवा. दोघांनी सुती, सैल, पूर्ण लांबीचं काहीतरी घाला. उन्हालाही तेच बरं.

आता फसवणुकीची सर्वांत जुनी युक्ती. राजवाड्याच्या बाहेरच्या फुटपाथवर नीटनेटका, गोड बोलणारा माणूस भेटतो. 'आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे, दुपारी उघडेल. तोवर वीस बाथमध्ये रिक्षाने दुसरी मंदिरं दाखवतो.' ती टुकटुक तुम्हाला रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेते, कारण तिथे त्याला दलाली आहे. राजवाडा उघडा आहे की नाही हे फक्त दारातला गणवेशातला रक्षक सांगेल. उत्तर न देता चालत राहा.

आत गेल्यावर बहुतेक जण पाचूच्या बुद्धाचं दर्शन घेऊन बाहेर पडतात. मूर्ती ६६ सेंटिमीटर उंच, नाव पाचूचं पण दगड हिरवा जेड. तिचे सोन्याचे पोशाख वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की, राजाच्या हस्ते बदलतात. गाभाऱ्यात फोटो काढायला बंदी आहे. पण मराठी माणसाने तिथेच थांबू नये. या मंदिराभोवतीच्या ओवरीच्या भिंतीवर रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलं आहे. उत्तरेकडच्या दारापासून, जनकाला सीता सापडते तिथून सुरू करा आणि प्रदक्षिणेच्या दिशेने चाला. राम तिथे फ्रा राम, सीता नांग सीदा आणि रावण थोत्सकान, म्हणजे दशकंठ. हनुमान पांढराशुभ्र. आपल्याकडच्या अहिरावण-महिरावणाच्या गोष्टीशी नातं सांगणारं एक चित्र शोधा: रामाला कोणी पळवून नेऊ नये म्हणून हनुमान प्रचंड रूप घेतो आणि रामाचा अख्खा मंडप तोंडात धरून बसतो. जबड्याच्या आत छोटासा सोनेरी मंडप दिसतो. थाई हनुमान ब्रह्मचारी नाही, सेतूचे दगड पळवणाऱ्या रावणकन्या मत्स्यकन्येवर त्याचं प्रेम बसतं, तेही इथे रंगवलं आहे. या ओवरीसाठी पाऊण तास राखून ठेवा. सावलीही तिथेच मिळते.

तिथून वाट फो चालत दहा-पंधरा मिनिटं. तिकीट ३०० बाथ. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे, आणि खांबांच्या गर्दीमुळे तो अख्खा कुठूनच दिसत नाही. पावलांच्या टोकाला जा. तळव्यांवर शिंपल्याच्या जडावात १०८ मंगल चिन्हं आहेत. मूर्तीच्या मागच्या बाजूला १०८ काशाच्या वाट्या ओळीने मांडल्या आहेत. सुटी नाणी घेऊन एकेक टाकत चालायचं. तो टणटण आवाज या मंदिराची खरी आठवण. याच आवारात थाई मालिशचं जुनं केंद्र आहे आणि सकाळभर चाललेल्या पायांना ते मानवतं. जोर जास्त वाटला तर 'बाओ बाओ' म्हणा, हळू हळू. दुखत असताना गप्प राहून सहन केलं तर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलतात.

वाट अरुणला जायला था तिएन धक्क्यावरून पलीकडे नेणारी होडी आहे, पाच बाथ. तिकीट २०० बाथ. अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. दुपारी चारच्या सुमारास जा. ऊन तिरपं झालं की सत्तर मीटरहून उंच शिखरावरचे चिनी मातीचे तुकडे आणि शिंपले चमकायला लागतात. जवळून पाहा: फुटक्या बश्या-वाट्यांची फुलं केलेली आहेत. दारातल्या दोन राक्षसांपैकी हिरवा थोत्सकान, पांढरा सहस्सदेज. पायऱ्या फार खड्या, उतरताना कठडा धरा. सूर्यास्तासाठी मात्र परत अलीकडच्या काठावर या. मंदिर पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य त्याच्या मागे बुडताना था तिएनच्याच बाजूने दिसतो.

दुसरा दिवस

सकाळी एमआरटीने साम योत. तिथून चालत वाट सुथात आणि त्यासमोरचा लाल रंगाचा उंच झोपाळा. या झोपाळ्यावर ब्राह्मण पुरोहितांचा झोके घेण्याचा सोहळा होत असे, तो १९३५ मध्ये बंद झाला. शेजारीच राजदरबाराच्या ब्राह्मणांचं देवस्थान आहे. पुढे वाट साकेतची सोनेरी टेकडी, तीनशेहून थोड्या जास्त पायऱ्या, पण वळणावळणाच्या आणि सोप्या.

टेकडीच्या पायथ्याजवळ फान फा धक्क्यावरून सेन सेप कालव्याची बोट पकडा. ही बोट पर्यटकांची नाही, कामावर जाणाऱ्यांची आहे. पाणी घाण, म्हणून बाजूची ताडपत्री दोरीने वर ओढतात. कडेला बसलात तर दोरी तुमच्याच हातात येते. तोंड मिटून बसा. हुआ चांग धक्क्यावर उतरलं की जिम थॉम्पसनचं घर चालत पाच मिनिटांवर. हा अमेरिकन रेशीम व्यापारी १९६७ मध्ये मलेशियातल्या कॅमेरॉन हायलँड्समध्ये नाहीसा झाला तो कायमचा. सागवानी घर मात्र जपलेलं आहे. आत वाटाड्यासोबतच जाता येतं.

दुपारी बारा ते तीन खोलीवर जाऊन आंघोळ करा आणि आडवे व्हा. पहिल्यांदा जाणारी जोडपी सर्वांत जास्त इथेच चुकतात. वेळ वाया जातो असं वाटून दुपारी भटकतात, संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायला लागतं आणि शहराची सर्वांत सुंदर वेळ, दिवे लागल्यानंतरची, हातची जाते. मीठ-साखरेच्या पुड्या बरोबर असू द्या. नळाचं पाणी पिऊ नका.

संध्याकाळी वाट त्राइमितचा सोन्याचा बुद्ध, मग चालत यावरात, म्हणजे चायनाटाउन. साडेपाच टन वजनाची ती मूर्ती शतकानुशतकं चुन्याच्या लेपाखाली दडलेली होती. १९५५ मध्ये हलवताना दोर तुटून लेप तडकला तेव्हा सोनं दिसलं. मंदिर संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतं, तेवढं धरून निघा. यावरातच्या खाण्याच्या गाड्या सूर्यास्तानंतर लागतात. सोमवारी बऱ्याच गाड्या नसतात, तेव्हा हा दिवस सोमवार येऊ देऊ नका.

शाकाहारी माणसाचं काय

उपाशी राहायची वेळ येत नाही, पण 'व्हेज' हा शब्द पुरेसा नाही. भाजी घातली की झालं व्हेज, असा तिथला समज. मासळीचा पातळ रस नाम प्ला मिठाच्या जागी पडतो, करीच्या वाटणात कोळंबीची चटणी असते, नूडल्सचा रस्सा हाडांचा असतो. सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, पाहायला शुद्ध शाकाहारी वाटते. उखळात लसूण-मिरची ठेचतात, मग सुकट पडते, मग नाम प्ला. नको म्हटलं तरी उखळ तेच.

म्हणून शब्द लक्षात ठेवा तो 'जे'. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत लिहिलेला असतो आणि आपल्या डोळ्याला इंग्रजी १७ च्या आकड्यासारखा दिसतो. 'जे' म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, लसूण-कांदाही नाही. 'गिन जे' म्हणजे मी 'जे' जेवण खाते किंवा खातो. जिथे पताका नाही तिथे 'मै साई नाम प्ला', नाम प्ला घालू नका. हे थाई लिपीत फोनवर लिहून दाखवणं सर्वांत पक्कं, कारण उच्चार चुकला तर अर्थ बदलतो. मॉलमधले फूड कोर्ट उत्तम: तिथे अनेक ठिकाणी जे किंवा शाकाहारी काउंटर असतो, ताट साधारण ५० ते १०० बाथ. आधी काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, उरलेले त्याच दिवशी परत घ्यायचे. असोक स्टेशनला लागून असलेल्या टर्मिनल २१ चा फूड कोर्ट स्वस्त आहे. भारतीय जेवणाची आठवण झालीच तर साम योतजवळचा फाहुरात भाग. तिथे मोठा गुरुद्वाराही आहे. आंबा-चिकट भात मार्च ते मे दरम्यान खा, तेव्हाच आंबा खरा पिकलेला असतो.

उरलेले दोन दिवस

शनिवार-रविवार हातात असेल तर एक सकाळ चातुचाक बाजाराला. बीटीएसच्या मो चितला सगळे उतरतात. एमआरटीच्या कम्फेंग फेतचं दोन नंबरचं दार मात्र थेट बाजारातच उघडतं. आत हजारो दुकानं, २७ विभाग. आवडलेलं तिथेच घ्या, 'फिरून येऊ' म्हटलेलं दुकान पुन्हा सापडत नाही. चुकामूक होतेच, म्हणून आत शिरतानाच मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ भेटायचं ठरवून टाका.

या दोनांपैकी दुसरा दिवस अयुथ्थयाला द्या. नाव अयोध्येवरून, १७६७ मध्ये बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली राजधानी. एमआरटीच्या बांग सूला लागून असलेल्या क्रुंग थेप अफिवात स्टेशनवरून गाड्या आहेत, दीड तासाच्या आत पोचता येतं. साध्या तिसऱ्या वर्गाचं भाडं अगदी किरकोळ. सकाळी आठच्या आत निघा, अवशेष उघड्यावर आहेत. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी धरलेलं बुद्धाचं शिर आहे. तिथे फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही.

वागण्याचं थोडं: मंदिरात चपला बाहेर, मूर्तीकडे पाय करून बसू नये. बाईने भिक्षूला स्पर्श करू नये, काही द्यायचं तर खाली ठेवावं किंवा पुरुषाकरवी द्यावं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक जागी राष्ट्रगीत लागतं, सगळे थबकतात, तुम्हीही थांबा. राजघराण्याबद्दल कुठेही, फोनवरच्या पोस्टमध्येही, वावगं लिहू नका. कायदा खरोखर कडक आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सर्वांत बरी. एप्रिल फार तापतो, १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रानमध्ये, म्हणजे थाई नववर्षात, रस्त्यावर पाणी उडवतात. सप्टेंबरला पाऊस जोरात.

खरेदी मोठी असेल तर एका दुकानात एका दिवशी २,००० बाथ किंवा जास्तीवर कराचा परतावा मिळतो. दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म भरून घ्या. विमानतळावर कस्टमचा शिक्का लागणार असेल तर तो मात्र बॅगा चेक-इन करण्याच्या आधी घ्यायचा. बॅग पट्ट्यावर गेली की वस्तू दाखवता येत नाहीत आणि परतावा बुडतो. सुवर्णभूमीला इमिग्रेशन ओलांडल्यावर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. विमानाला वीस मिनिटं जास्तीची ठेवा आणि त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारा, वासुकीच्या दोन्ही टोकांना कोण आहे ते पाहायला.